होनोरीनबाईंचा रस्ता

"उद्या प्रदर्शन आहे आणि चित्रकार कोण, ते मला ठाऊक नाही!" चित्रविक्रेत्या रिगोबाई म्हणाल्या. "आन्सेल्म म्हणतो, आत्याच्या खिडकीखालच्या कोपऱ्यावर उभं राहून चित्रं मीच काढली. काल त्याला घोडा काढायला सांगितला. निघालं बाकडं."

गुप्तहेर देल्वाल हसले नाहीत. त्यांचा मित्र ओक्ताव हसला, मग उगाच खोकला.

चित्रं जलरंगातली होती. पॅरिसचा ओला रस्ता, लाल-निळ्या छत्र्यांची झुंबड, दुकानांच्या पाट्यांच्या जागी नुसते ठिपके. डाव्या कडेनं घोडागाड्या दूर पळत होत्या, उजव्या कडेनं समोर येत होत्या. सगळं हलत होतं. ते बघताना ओक्तावला मात्र, का कोण जाणे, फार एकटं वाटलं.

तिघं आत्याबाईंकडे निघाले. कोपऱ्यावरचं घर डाव्या हाताला होतं आणि कोचमन उजवी कड सोडेना.

"उलट्या बाजूनं हाकू? पोलिसाला तोंड कोण देईल, तुमचा काका?" त्यानं त्यांना पलीकडेच उतरवलं.

आन्सेल्म वरच होता. "आत्या अकरा वर्षं अंथरुणात आहे. मान वळत नाही, खिडकी पाठीशी. रस्ता बघितलेलाच नाही बिचारीनं."

"आणि पेल्यात हे जांभळं काय?" देल्वालनी विचारलं.

"औषध."

"माझ्याकडे नका बघू," मोलकरीण सेलेस्तीन म्हणाली. "मी फक्त पेले विसळते. परवा औषध हिरवं होतं."

होनोरीनबाई समोरच्या भिंतीवरच्या, पुढे कललेल्या आरशात बघत म्हणाल्या, "चित्रं त्याचीच. दर गुरुवारी येतो हो न चुकता."

"न्यायला येतो," देल्वाल म्हणाले. "बाई, पॅरिसच्या गाड्या उजव्या कडेनं जातात. चित्रांत डाव्या कडेनं. कोपऱ्यावर उभ्या माणसाला असं कधीच दिसणार नाही. आरशात बघणाऱ्याला रोज दिसतं. पाट्यांवरची अक्षरं तुम्हाला उलटी दिसली, म्हणून ठिपके दिलेत. तैलरंगाचा वास लपला नसता. जलरंगाला मांडीवरची फळी आणि पेलाभर पाणी पुरतं. तेच हे औषध."

आन्सेल्मनं टोपी उचलली. जिना उतरताना त्याचे बूट बराच वेळ वाजत राहिले.

"बोलले असते," होनोरीनबाई म्हणाल्या, "तर गुरुवारी कोण आलं असतं?"

"मी येईन," रिगोबाई म्हणाल्या. "आणि उद्या तुमचं नाव लागेल."

ओक्तावला काहीतरी करावंसं वाटलं. त्यानं पलंगाला हात घातला. "खिडकीकडे वळवू का? खरा रस्ता दिसेल."

"नको रे बाबा! आता सगळं उलटं दिसेल मला." पलंगाच्या कडेकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या, "बसणार असशील तर असा बस. आरशात दिसशील."