गंगरेलची कुरवी

आम्ही तिघं रायपूरहून गंगरेलच्या धरणावर निघालो, ते एका कुरवीला पकडायला! कुरव म्हणजे समुद्रावर, तलावांवर दिसणारा पांढरा पक्षी; लडाखात अंडी घालून मग आपल्याकडे उतरतो. लडाखच्या थंडीत ऊब टिकवायला आणि आपल्याकडच्या उन्हात गार राहायला हे पाखरू किती ताकद खर्चतं, याचा माझी पुतणी निवेदिता अभ्यास करते. त्यासाठी तिनं लडाखात एका कुरवीच्या पाठीवर काळजाचे ठोके नोंदणारं यंत्र बांधलं होतं. ते काढून आणलं तरच आतल्या नोंदी मिळणार. नाहीतर दोन वर्षांची मेहनत वाया!

"मी येऊन काय करू?" म्हणणारी माझी बायको लता नावेत सगळ्यांच्या आधी बसली, तीही तिघांसाठी चार जणांची भाकर घेऊन. इंजिन माझ्या ताब्यात होतं. यंत्राचा ठावठिकाणा सांगणारा संदेश ऐकत निवेदिता दिशा दाखवत होती. बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याबाहेर डोकावत होते आणि ऊन डोक्यावर तापलं होतं.

एकाएकी वारा सुटला. लाटा नावेत! लता डब्यानं पाणी उपसू लागली. तेवढ्यात कुणीतरी टाकलेलं मासेमारीचं जाळं इंजिनाच्या पंख्यात अडकलं. इंजिन बंद!

"काका, वो रही!"

त्याच जाळ्याच्या दुसऱ्या टोकात, पुढच्या खुंटाला कुरवी लटकली होती. मी वल्हं मारलं. निवेदिता बाहेर झुकली. नाव कलली!

"पोट्टे, मले पोहणं येत नाही!" मी ओरडलो आणि तिचे पाय घट्ट धरले.

तिनं जाळं कापून पाखरू हातात घेतलं. चोच उघडी, धाप थांबेना. यंत्राचे पट्टे पिसांत खोल रुतले होते. निवेदितानं कात्री टेकवली आणि मागे घेतली.

"हे सोडवायला वेळ लागेल, काका. ही उन्हानं आधीच थकलीय. अजून धरली तर मरेल."

"अन् तुह्या डिग्रीचं काय?"

तिनं डोळे पुसले आणि कुरवीला अलगद खुंटावर ठेवलं. मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला, की मी उगाच इंजिनावर खेकसलो.

त्याच कात्रीनं पंखा मोकळा केला. नाव वळली. मागे कुरवीनं दम खाल्ला, पंख झटकले आणि उडाली. यंत्रासकट!

हलत्या नावेत लता ताडकन उभी राहिली.

"अवं, जाते नाही म्हणत!" ती आभाळाकडे पाहून ओरडली. "येते म्हण, माय! आमची पोट्टी वाट पाहून राहिली!"