ऐकू येईल एवढं अंतर

जपानच्या डोंगरात, उंच देवदारांच्या दाटीत, धुक्याआडून गाईच्या गळ्यातली लाकडी घंटा वाजली आणि दातिवऱ्याची हेमाली पायवाट सोडून आवाजाच्या दिशेने निघाली.

चूक होती, पण पालघरकडच्या माणसानेच करावी अशी. रानात वाट चुकली तर गुरांच्या घंटेमागे चालायचं, संध्याकाळी गुरं गावालाच जातात, हे आईने लहानपणी लाकडं आणायला नेताना तिला पक्कं शिकवलं होतं. कुमानोच्या या जुन्या यात्रेच्या वाटेवर ठिकठिकाणी खुणेचे लाकडी खांब होते. बराच वेळ एकही खांब दिसला नव्हता. धुक्यामुळे पुढचं झाडसुद्धा धूसर झालेलं. अशात घंटा वाजली... ठॉक, ठॉक... आणि पाय आपोआप वळले.

या डोंगरांत गुरं चरायला सोडत नाहीत, हे तिला आठवलं तेव्हा ती गुडघाभर ओल्या नेच्यात उभी होती.

समोरची फांदी हलली आणि एक तरुण बाहेर आला. केस भिजलेले, पाठीवर पिशवी, पिशवीला लोंबणारी काळपट लाकडी घंटा. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"बोंबील तुमीच इकत होता?" त्याने विचारलं. मराठीत!

हेमालीचे कान तापले. वाटेच्या सुरुवातीलाच अस्वलाचं चित्र असलेली पाटी होती: आवाज करत चाला. बाकीच्या यात्रेकरूंनी पिशव्यांना घंटा बांधल्या होत्या. हिने घेतली नव्हती. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून तिने आईची हाक सुरू केली होती. आई केळव्याच्या बाजारात देते तीच – घ्या गंऽऽ बोंबील, मांदेली, जवलाऽऽ!

"गाय कुठाय?" तिने उलट विचारलं.

"गाय नाय. मीच हाय."

त्याचं नाव अंकुश. गाव मासवण. वडिलांची थोडी डोंगरउतारावरची भातशेती; भात झाला की घरचे कामाला बाहेर पडायचे. तो बोईसरच्या एका कारखान्यात मशिनवर होता, तिथून निवड होऊन जपानला आला. हेमालीसुद्धा बोईसरच्याच एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून प्रशिक्षणासाठी ओसाकाला आलेली. दोघं कित्येक महिने बोईसर स्टेशनच्या एकाच पुलावरून गेले असतील. भेटले इथे, नेच्यात.

"आणि ही घंटा?"

"आमच्या मोरी गाईची. मोरी म्हातारी होऊन गेली. आजा म्हनला, घेऊन जा. हरवलास तर वाजव, कुनीतरी शोधत येईल."

"मग आले की मी."

"आल्या खऱ्या. पन तुमी पन हरवूनच आल्या."

"मी हरवले नव्हते! तुमच्या घंटेने हरवलं मला."

"मी पन वाटेवरच होतो. बोंबील ऐकले आणि वळलो. म्हटलं, मावशींना विचारावं, सुकट हाय का."

"मावशी?"

"आवाजावरून तसं वाटलं..." तो हसला. मग तिच्याकडे नीट बघून म्हणाला, "चूक झाली."

आता वाट शोधायची होती आणि धुकं हटायला तयार नव्हतं. युक्ती हेमालीची, बाबांच्या मासेमारीच्या होडीवर शिकलेली. धुकं पडलं की समुद्रात होड्या एकमेकींना हाका देत राहतात. दिसलं नाही तरी चालतं. आवाज तुटू द्यायचा नाही. ती जागेवर उभी राहून हाक देत राहिली आणि तो ती हाक ऐकू येईल एवढ्याच अंतरावर फिरत राहिला. थोड्या वेळाने वरच्या अंगाला घंटा जोरजोरात वाजली. खांब सापडला होता.

वाटेला लागल्यावर अंकुशने पिशवी नीट केली आणि सहज म्हणाला, "चला मग, बरोबरच जाऊ."

हेमाली थांबली. "नको. म्हणजे... राग मानू नका."

तिने सांगून टाकलं. बारावीच्या परीक्षेला भाऊ दिपेश सोबत. नोकरीच्या मुलाखतीला दिपेश सोबत. नोकरी लागल्यावर पहिला महिनाभर दिपेश कंपनीच्या गेटपर्यंत. आईचं एकच म्हणणं, एकटी कुठं जातंस? दिपेश वाईट नव्हता, बिचारा खिशात शेंगदाणे घेऊन बाहेर ताटकळायचा. पण आपल्याला एकटीला काय जमतं, हे हेमालीला आजवर कळलंच नव्हतं. सुट्टी मिळाली, तेव्हा तिने ही वाट निवडली. नाचीच्या धबधब्यापर्यंत, डोंगरांमागून डोंगर, एकटीने.

अंकुशने ऐकून घेतलं. आता हा 'जंगलात एकट्या बाईने...' असं काही म्हणेल, म्हणून ती उत्तर तयार ठेवून होती.

"मग तुमी पुढं व्हा," तो म्हणाला. "मी मागं राहतो. ऐकू येईल एवढं अंतर. दिसनार नाय, बोलनार नाय. एकटीच्या एकटी."

"आणि अस्वल आलं तर?"

"मासे इका त्याला."

अशी त्यांची चाल सुरू झाली. पुढे हेमाली, मागे कुठेतरी घंटा. शेवाळलेल्या दगडी पायऱ्या, मुळांच्या जाळ्या, झाडांच्या शेंड्यांवरून उशिराने टपकणारं पाणी. चढ आला की घंटा सावकाश व्हायची, उतारावर पळायची. तिने हाक दिली की घंटा दोनदा वाजायची. एकदा तिने मुद्दाम हाक बदलली, "कोलंबी घ्या कोलंबीऽऽ!" आणि घंटा इतका वेळ वाजत राहिली की समोरून येणाऱ्या एका जपानी आजींनी थांबून, हसून, तिला वाकून नमस्कार केला.

संध्याकाळी मात्र दोघं वाटेवरच्या एकाच मुक्कामाच्या घरी पोचायची. खेड्यात दुसरं घरच नसायचं. जेवणात भाजलेला नदीतला मासा यायचा. अंकुश तो काट्यांसकट खायचा प्रयत्न करायचा आणि हेमालीला बघवायचं नाही. ती त्याची ताटली ओढून घ्यायची, चॉपस्टिकने पाठीवर दाबून अख्खा काटा एका झटक्यात बाहेर काढायची.

"तुमच्याकडे मासा खायला शिकवत नाहीत का?"

"सूर्या नदीतला शिकलोय. हा परदेशी हाय."

"उद्यापासून स्वतः काढायचा."

"उद्या पन काढून द्या. परवापासून शिकतो."

दुसऱ्या रात्री 'तुमी'चं 'तू' झालं. कोणी आधी म्हटलं यावर दोघांचं एकमत नव्हतं.

शेवटच्या दिवशीचा चढ सगळ्यात अवघड. त्यात पाऊस – बारीक, चिवट, कपड्यांच्या आत शिरणारा. या चढाच्या माथ्यावर एक खिंड आहे. तिच्या जपानी नावाचा अर्थ, जिथून होड्या दिसतात ती जागा. कित्येक दिवस डोंगर तुडवल्यावर यात्रेकरूला तिथे पहिल्यांदा समुद्र दिसतो. हेमाली त्या जागेसाठीच आली होती, असं म्हटलं तरी चालेल.

ती खिंडीत पोचली. समोर नुसता पांढरा ढग. थांबलं तर उघडेल, असं वाटून ती बाकावर टेकली आणि मगच तिच्या लक्षात आलं...

घंटा वाजत नव्हती.

"घ्या गंऽऽ बोंबील..." तिने हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली, पूर्ण दमाने. पानांवर पाऊस, बस.

पुढे उतार होता. उतार संपला की धबधबा. एकटीने पुरी केलेली वाट, हाकेच्या अंतरावर. तो मागून येईलच, असं म्हणून निघता आलं असतं. दमला असेल, बसला असेल. पण त्या पायऱ्या निसरड्या होत्या आणि एका बाजूला दरी होती.

आवाज तुटला की होडी वळवायची. असं वळताना बाबांना विचार करत बसलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

ती वळली. पायऱ्या उतरताना ती आईची हाक विसरली आणि सरळ नावाने ओरडू लागली. "अंकुश! अंकुऽऽश!" एका वळणावर घसरली, कोपर खरचटलं, उठली. पुढचं वळण... आणि तो दिसला.

एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी, पाऊस चुकवून, अंकुश आरामात मांडी घालून बसला होता. हातात छोटा चाकू आणि लाकडाचा तुकडा. घंटा मांडीवर पालथी.

"आतला दांडा तुटून पडला गं," तो म्हणाला. "नवा करतोय."

हेमालीला रडू आलं आणि हसू आलं, दोन्ही एकदम. मग तिला राग आठवला. "एवढ्या हाका मारल्या! ओ देता येत नाही?"

"दिली की. सगळ्यांना दिली. मला काय बाजारात ओरडायची सवय हाय?" मग त्याचं लक्ष तिच्या कोपराकडे गेलं. तो उभा राहिला. "खिंडीत पोचली होतीस ना? मग मागं कशाला आलीस? तुला एकटीला पुरं करायचं होतं..."

"एकटीला जमतं की नाही, ते बघायचं होतं." ती अजून धापा टाकत होती. "जमतं. बघून झालं."

"मग आता?"

"आता..." तिने नजर घंटेवर ठेवली. "घंटा ऐकू आली नाही ना, तर मला चालवत नाही. हे आजच कळलं."

 अंकुशने रुमाल काढून तिच्या कोपरावर बांधला. गाठ सैल झाली, सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पन तू म्हनली होतीस, एकटी. म्हटलं, हिची वाट आधी पुरी होऊ दे, मग सांगू."

"आणि मी पुढे निघून गेले असते तर?"

"तर धबधब्याखाली सांगितलं असतं. तिथं तुला ऐकू नसतं आलं," तो म्हणाला, "मला जरा सोपं गेलं असतं."

खिंडीपर्यंत दोघं बरोबर चढली. पाऊस थांबला होता. ढग खालून फाटत गेला आणि फटीत समुद्र दिसला, निळा नाही, करडा, दातिवऱ्याच्या समुद्रासारखाच. हेमालीने खूप दिवसांनी पोटभर श्वास घेतला. तिचा हात त्याच्या हातात होता; कोणी आधी धरला, यावरही पुढे एकमत झालं नाही.

पुढच्या हिवाळ्यात दोघं परतली. एका रविवारी सकाळी दातिवऱ्यात नलूताई, म्हणजे हेमालीची आई, अंगणात वलांडीच्या आडव्या बांबूंवर बोंबील वाळत टाकत होती. हेमालीने तिला एवढंच सांगून ठेवलं होतं, की कोणीतरी भेटायला येणार आहे. कुंपणापलीकडे लाकडी घंटा वाजली. ठॉक, ठॉक.

"मेली कुनाची गाय सुटली?" नलूताईने काठी उचलली. "बोंबलांना तोंड लावंल!"

"आये, थांब –"

पण नलूताई कुंपणाशी पोचलीसुद्धा. बाहेर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण उभा होता, हातात घंटा. आत यायचं धाडस होत नव्हतं, म्हणून वाजवत होता.

"गाय कुठाय?" काठी उगारूनच तिने विचारलं.

"गाय नाय," अंकुश म्हणाला. "मीच हाय."

नलूताईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मागे दारात लाल झालेल्या मुलीला पाहिलं, आणि काठी खाली केली.

"मग आत ये," ती म्हणाली. "भायेर उभा राहून किती वाजवशील?"