खांबाखालचं नेट

घरातलं नेट गेलं, म्हणून लॅपटॉप घेऊन चौकात निघालात? जा, पुष्कर. स्पृहा, तूही जा. तिथलं नेट फुकटच आहे. फक्त माझं ऐकून जा.

हडपसरला माझा मित्र राहतो, उत्तरेश्वर. त्याची मुलगी शेफाली. गेल्या आषाढातली अमावस्या. नोकरीच्या अर्जाची शेवटची रात्र आणि घरातलं नेट बंद. म्हणून ती कोपऱ्यावरच्या बस स्टॉपवर जाऊन बसली. तिथल्या खांबावर फुकट वाय-फाय आहे. लगेच लागलं. फाइल चढायला लागली.

खांबाला टेकून एक माणूस उभा होता. अंगात कामगारांचं केशरी जॅकेट.

"ताई, घरी कळवायचंय."

"फोन नाही का तुमच्याकडे?" तिनं मान वर न करताच विचारलं.

"त्यांनी काढून घेतला."

"कोणी?"

त्यानं खांबावरून हात फिरवला.

"माझं काम होऊ द्या, मग बघू."

"सगळ्यांचं काम आधी..." त्याचा आवाज चढला. "खांब उभा राहिला... मला टेम्पोत टाकलं... घरी कोणी कळवलं नाही..."

तिनं वर पाहिलं.

रस्त्यावरचे दिवे गेले. स्क्रीनचा उजेड बाकावर पडत होता. खांबावर पडत होता.

त्याच्यावर पडत नव्हता.

आणि कीबोर्डची बटणं... आपोआप दबायला लागली.

एकेक...

तिनं लॅपटॉप मिटला. आत टकटक चालूच.

ती पळाली.

सकाळी उत्तरेश्वर तिथं गेला. पानवाल्यानं सांगितलं, खांब बसवताना परगावचा एक माणूस करंट लागून गेला. ठेकेदारानं त्याला उजाडायच्या आत हलवलं. दुपारी त्याच खांबापाशी नारळ फोडला, पेढे वाटले. पेढे, कळलं का?

उत्तरेश्वर तडक ठेकेदाराकडे गेला. "त्याचं नाव काय? गाव कुठलं?"

"रोजंदारीवरचा व्हता. नाव कुणाला म्हाईत हाय?"

उत्तरेश्वरनं त्याची कॉलर धरली. चौघांनी मिळून सोडवली. माझ्या हातात असता ना तो... असो.

नेट मात्र जोरात चालतं तिथं. तुमच्यासारखी पोरं रोज बसतात.

शेफालीचा अर्ज गेलाच नाही. महिनाभर तिनं लॅपटॉपला हात लावला नाही. मग एकदा आईला शेजारी बसवून उघडला. पाठवलेल्या मेलच्या यादीत त्या रात्रीचं काही नव्हतं. पण एक उत्तर आलेलं होतं. पत्ता अनोळखी. एकच ओळ.

"बाबा, कुठे आहात? आई अजून दाराला कडी लावत नाही."