मका, गहू, राय… आणि काकू

“या काकू, बसा. काय देऊ?”

मी मागे वळून पाहिलं. बाटल्यांच्या त्या दुकानात माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. म्हणजे काकू मीच!

नुकतीच चोविशी ओलांडलेल्या मुलीला काकू म्हटल्यावर जे होतं, तेच माझं झालं. डोक्यात तिडीक गेली. दुकानदार काउंटरखाली वाकून खोक्यातल्या बाटल्या पुसत होता. त्याने तिरक्या नजरेने फक्त माझे पांढरे केस पाहिले होते. मी गिरणीतून तशीच निघाले होते, हे माझ्याही लक्षात नव्हतं.

“आधी डोळे तपासून घ्या,” मी म्हणाले आणि केस झटकले. त्याच्या चकचकीत काउंटरवर पिठाचा थर बसला.

तो उभा राहिला. माझ्याहून फार तर तीन-चार वर्षांनी मोठा. बाह्या वर दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल. त्याने काउंटरवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे निरखून पाहिलं.

“मैदा?”

“मका! मैदा म्हणे.”

“माफ करा, काकू… म्हणजे ताई… म्हणजे—”

“ताई तर अजिबात नको,” मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे! तो हसला, आणि मी घाईघाईने मागच्या फळीवरच्या बाटल्या बघू लागले.

पण मी भांडायला आले नव्हते. मला काम होतं.

गावाबाहेर नदीकाठी एक डिस्टिलरी आहे. तिथे बर्बन नावाची मक्याची व्हिस्की बनते. तिला लागणारं सगळं धान्य, म्हणजे मका, गहू आणि गव्हाच्याच नात्यातली राय, बाबांच्या काळापासून आमच्याच गिरणीत दळलं जातं. बाबा गेल्यावर गिरणी दादाकडे आली, आणि पोती उचलायला, दळायला, भरायला मी. आपण दळलेलं पुढे कुठे जातं, त्याचं काय होतं, हे मला लहानपणापासून बघायचं होतं. आणि आता कुठलं धान्य किती घालायचं हे ठरवणाऱ्या तिथल्या थोरल्या बाईंना मदतनीस हवी होती. त्यांची परीक्षा सोपी होती. तीन ग्लास, नाव नाही, चिठ्ठी नाही. कशात कुठलं धान्य ते सांगा.

“एकदाच जायचं,” दादा म्हणाला होता. “नाही जमलं, तर त्या भट्टीचं नाव पुन्हा काढायचं नाही. मुकाट्याने गिरणी सांभाळायची. कबूल?”

मी तोंड भरून कबूल म्हटलं. आणि बर्बनचा एक थेंबही मी तोवर चाखलेला नव्हता.

हे सगळं ऐकून घेताना दुकानदाराने मला एकदाही अडवलं नाही.

“म्हणजे तुम्हाला प्यायची नाहीये, शिकायचीय.”

“जिंकायचंय,” मी म्हणाले.

त्याने पेन्सिल कानामागून काढली, पुन्हा तिथेच ठेवली. “ठीक आहे. मग ऐका. बर्बनमध्ये निम्म्याहून जास्त मका असतोच. नसेल तर तिला बर्बन म्हणताच येत नाही. तिचा गोडवा बराचसा तिथून. थोडी मोड आणलेली बार्ली, ती आंबवायच्या कामाला. उरलेल्या जागेत कोण येऊन बसतं, त्यावर स्वभाव ठरतो. राय बसली तर तिखट, मिरीसारखी. गहू बसला तर मऊ, पावाच्या आतल्या भागासारखी.”

“आणि बाटल्या कुठल्या घ्यायच्या?”

“लोक इथेच फसतात. एक जुनी घेतात, एक कोवळी, एक कडक, एक सौम्य… मग फरक कशामुळे पडला हेच कळत नाही.” त्याने दोन बाटल्या माझ्यासमोर ठेवल्या. “बनवणारा एकच. पिंपात मुरल्याची वर्षं सारखी, कडकपणा सारखा. हिच्यात राय, हिच्यात गहू. फक्त एकच गोष्ट वेगळी असू द्यायची.”

दुपारी दुकानात शुकशुकाट असायचा. मी त्याच वेळेला जायची. ग्लासात तळाला इवलीशी बर्बन, त्यात पाण्याचे दोन थेंब, मग वास, मग घोट, आणि थुंकायला एक तसराळं. पहिल्या घोटाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

“कसं वाटलं?”

“कोणी कानफटात मारल्यासारखं.”

“छान. कुठल्या हाताने मारलं, ते आता शोधा.”

तो बाटली उघडली की आधी बूच हुंगायचा, डोळे मिटून, अगदी मन लावून. मी त्याचं नाव बूचमास्तर ठेवलं. त्याने माझं ‘काकू’ सोडलं नाही ते नाहीच.

एकदा मी खिशातून राय काढून त्याच्या तळहातावर ठेवली. “ही चावा.”

“कच्ची?”

“एवढी वर्षं हिच्या बाटल्या विकताय, कधी दाताखाली धरून पाहिलीत? ही गव्हाची रागीट चुलतबहीण. चावा, चावा.”

त्याने चावली. तोंड वाकडं केलं. मग हळूहळू थांबला… घाईने ग्लास उचलून एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिला. “अगं, ही तर तीच! सगळ्यात शेवटी जी जिभेवर रेंगाळते ना, तीच ही! तुला कसं सुचलं हे?”

अगं. तुला. त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. बाहेर पाऊस लागला होता, पत्र्यावर ताशा वाजावा तसा आवाज येत होता, आणि माझे कान तापले होते.

“तुला सांगते,” मी म्हणाले, आणि त्या ‘तुला’वर किंचित जास्त थांबले.

मग दोन बाटल्यांच्या चार झाल्या. चारांनंतर “ही एक राहिलीच” म्हणत तो आणखी एक काढायचा. मग “हिच्याशिवाय पुढे जाताच येणार नाही” म्हणून आणखी एक. सगळ्यात वरच्या फळीवर एक गोलमटोल बाटली होती. ती कधी, असं विचारलं की म्हणायचा, “ती शेवटी… एवढी काय घाई आहे?” मलाही घाई नव्हती. फक्त परीक्षा जवळ येत होती, आणि त्यानंतर दुपारी मी कुठल्या निमित्ताने इथे येणार, हे आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच गिरणीचा पट्टा तुटला. दादा नवीन आणायला धावला. बेकरीवाल्याचं रायचं पीठ द्यायचंच होतं. पट्टा बसेपर्यंत उशीर झाला, दळण मीच काढलं आणि तशीच पळत डिस्टिलरी गाठली.

थोरल्या बाईंच्या खोलीत लांब टेबल, तीन ग्लास, आणि पलीकडे चष्म्यावरून बघणाऱ्या बाई. मी पहिला ग्लास हुंगला. राय. दुसरा… राय. तिसरा हुंगला, घोट घेतला, पुन्हा हुंगला.

“तिन्हींत राय आहे,” मी म्हणाले.

“नक्की?”

हो म्हणायला मी तोंड उघडलं, आणि टेबलावर माझ्या कोपराचा पांढरा ठसा दिसला. रायचं पीठ. बाहीवर, केसांत, नाकात! मी ग्लास हुंगतच नव्हते. मी स्वतःलाच हुंगत होते.

“नाही, नक्की नाही. पाच मिनिटं द्या मला.”

“परीक्षेच्या मध्येच?”

“बाई, चुकले तर माझ्या जिभेने चुकू दे. या पिठामुळे नको.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मागे अंगणात नळ आहे.”

अंगणात बूचमास्तर होता. हातगाडीवर पेट्या चढवत होता. याच्या दुकानाचा माल एरवी डिस्टिलरीचीच गाडी पोचवते, हे मला ठाऊक होतं.

“काय झालं?” माझा चेहरा बघून त्याने पेटी खाली ठेवली.

“पीठ झालं माझं!”

त्याला क्षणात कळलं. “मी बोलू का बाईंशी? त्या मला ओळखतात. मी सांगतो की—”

“एक शब्द बोलायचा नाही. मी माझ्या जिवावर आत जाणार आणि माझ्याच जिवावर बाहेर येणार.”

“मग मी काय करू?”

“पाणी सोड.”

मी वाकले. त्याने नळाची नळी धरली. पाणी बर्फासारखं गार होतं, माझे दात वाजत होते. कानामागे चिकटलेलं पीठ त्याने बोटाने हळूच सोडवलं, आणि तेवढ्यापुरते माझे दात वाजायचे थांबले.

“अरेच्चा,” तो पुटपुटला, “काकू कुठे गेल्या?”

“परीक्षेला,” मी म्हणाले, आणि त्याचा रुमाल घेऊन नाक शिंकरत आत पळाले.

या वेळी मी सावकाश सुरुवात केली. पहिल्या ग्लासात काहीच टोचलं नाही. ऊब होती, पावाचा मऊ वास होता. “हा गहू.” दुसरा जिभेवर आला तो भांडतच आला. “ही राय, सढळ हाताने घातलेली.” तिसऱ्यात आधी नुसता गोडवा, आणि घोट संपल्यावर, अगदी शेवटी, एक बारीक चिमटा. “इथेही राय आहे. पण चवीपुरती. सगळा कारभार मक्याचा.”

माझ्या केसांतून पाणी टपटपत होतं. बाईंनी ते टेबलावरून पुसलं.

“मघाशी तुझी दोन उत्तरं बरोबर होती. आणि तीनांत दोन आली की मी घेते,” त्या म्हणाल्या. “गप्प बसली असतीस तरी चाललं असतं.”

“मला चालून जायचं नव्हतं, बाई.”

पहिल्यांदाच त्या हसल्या. “सोमवारी ये. केस धुऊन ये.”

मी अंगणात धावत आले. हातगाडी नव्हती. तोही नव्हता. हवं ते मिळालं होतं, आणि तरी रडू यावं असं काय होतं त्यात? शिकवणी संपली होती, एवढंच.

गिरणीत दादाला सांगितलं. तो बराच वेळ पोत्याच्या तोंडाशी खुडबुडत राहिला. “पीठ गेलं डोळ्यांत,” म्हणाला. मग म्हणाला, “बाबा असते तर नाचले असते. जा तू. पण हे उरलेलं दळण संपवून जा हं!” आणि माझ्या जागी माणूस शोधायला म्हणून लगेच बाहेर पडला.

मी गिरणी चालू केली. संध्याकाळी दुकानात जायचं, आणि जे आहे ते तोंडावर सांगून टाकायचं, हे मी ठरवूनच टाकलं होतं. वर बघते तर दारात तो. हातात ती वरच्या फळीवरची बाटली. आत आला आणि जिथे कधी कोणी उभं राहू नये, नेमका पीठ पडायच्या नळकांड्यापाशी येऊन उभा राहिला.

“अंगणात का थांबला नाहीस?” मी विचारलं.

“हरली असतीस तर मी दिसायला नको होतो. आणि जिंकली असतीस तर ही आणायची होती.” त्याने कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा तिथेच ठेवली. “मला एक सांगायचंय. दोनच बाटल्यांत झालं असतं तुझं. बाकीच्या… बाकीच्या मी उगाच काढल्या. तू रोज यावीस म्हणून. तू मला फार आवडतेस.”

“पहिल्याच दिवशी तू म्हणालास, एकच गोष्ट वेगळी असू द्यायची. दोन पुरेत, हे मला तेव्हाच कळलं होतं.” मी नजर हटवली नाही. “मी तरी कुठे काही बोलले? मलाही तूच हवा आहेस.”

तो पुढे झाला. कोपर नळकांड्याला लागलं, त्यावरचं झाकण सरकलं, आणि भस्सकन सगळं पीठ त्याच्या डोक्यावर! केस, भुवया, मिश्या… सगळं पांढरंफटक. फक्त बाटली त्याने छातीशी घट्ट धरली होती.

मी हसत हसत गिरणी बंद केली. तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला.

“या काका, बसा. काय दळायचंय?”

“आधी डोळे तपासून घे, दादा,” मी म्हणाले, आणि तो पिठाने माखलेला हात हातात घेतला. “काका दळायला नाही आलेत. काकूंना न्यायला आलेत.”