आवळीखालची जागा

"हे झाड आमचं आहे!"

सतरंजी काखेत मारून मी सेमिनरी हिल्सचा चढ धापा टाकत चढले, आणि पाहते तर काय, आमच्या आवळीखाली एक बेलबॉटमवाला ऐसपैस बसलेला!

"काहून? नाव लिहिलं आहे काय त्याच्यावर?"

कार्तिकात घरोघरची माणसं डबे घेऊन या जंगलात आवळीखाली जेवायला येतात. जागा धरायला कुणाला तरी आधी पाठवावं लागतं. आमच्या घरून मी आले होते, त्यांच्या घरून हे... विश्वनाथ.

"अर्धं-अर्धं करू," ते हसले. "सावली तुमची, आवळे माझे."

"आवळे काहून तुमचे?"

"बरं, तेही घ्या. पण आधी पाणी प्या... घसा सुकून राहिला तुमचा भांडून-भांडून." त्यांनी फिरकीचा तांब्या पुढं केला.

घरची माणसं यायला बराच वेळ लागला. लागो बापडा! किती बोललो आम्ही... आणि मग त्यांनी सहज सांगितलं, रविवारी सावनेरला मुलगी पाहायला जायचंय.

"पसंत आहे?"

"आईले आहे. मले... कोणी विचारलंच नाही ना."

झालं! माझं चित्त थाऱ्यावर राहिना. सगळे आले, एकाच झाडाखाली दोन पंगती बसल्या. मी वाढायला घेतलं, तर वांग्याची भाजी दोनदा त्यांनाच वाढली. संध्याकाळी डबे आवरले की हे सगळं संपणार होतं. आणि रविवार काही माझ्यासाठी थांबणार नव्हता.

"आवळीचं पान ज्याच्या ताटात पडते, त्याच्या मनातलं होते," त्यांची आई, कौसल्याबाई, माझ्या आईला सांगत होत्या.

मी वर पाहिलं. एक पान हलेल तर शपथ! वाऱ्याची वाट तरी किती पाहायची? मी पातेलं खाली ठेवलं, विश्वनाथांच्या डोक्यावरची फांदी दोन्ही हातांनी धरली आणि गदागदा हलवली. पानंच पानं... भातावर, वरणात, त्यांच्या केसांत!

"प्रेमिला! काय करून राहिली वं हे?" आई ओरडली.

कान नुसते तापले होते माझे. पण आता माघार कसली?

"पानं तर पडली यांच्या ताटात," मी कौसल्याबाईंना म्हटलं. "आता... विचारा ना यांले, मनात काय आहे ते."

सगळ्यांचे घास हातातच राहिले. विश्वनाथांनी वरणातलं एक पान उचललं, माझ्याकडे पाहिलं.

"आई... सावनेरले नाही जायचं. पोरगी पाहून झाली माही."

कौसल्याबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग त्यांनी ते पानांनी भरलेलं ताट बाजूला सारलं.

"उभी काय राहिली वं? दुसरं ताट वाढ त्याले."