वहीतला पहिला रकाना

“ही वही खोटी आहे, बाई!” ताईने वही टेबलावर आपटली. “बारा वर्षं याची सावली होऊन राहिले, वर्गातसुद्धा याच्या शेजारी बसते, आणि शेवटी खापर माझ्याच माथ्यावर?”

बाई कॉलेजात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचा वर्ग चालवत. ताईच्या धाकट्या भावाने आता एकदा जरी खुर्ची फेकली तरी त्याचं नाव कटणार होतं, म्हणून त्या आज घरी आल्या होत्या. बाईंच्या वहीत तीन रकाने होते: आधी काय झालं, त्याने काय केलं, मग काय झालं. तीन महिन्यांत तो अकरा वेळा बिथरला होता, आणि पहिल्या रकान्यात अकराही वेळा एकच माणूस! ‘त्याला विचारलं, उत्तर ताईने दिलं.’ ‘ताईने त्याच्या हातातलं पेन घेतलं.’ ‘ताईने बुटाची नाडी बांधली.’

“अहो, याच्यापायी हिने ठरलेलं लग्न मोडलं!” आईला हुंदका आवरेना.

“ठाऊक आहे मला,” बाई हळूच म्हणाल्या. “पण प्रश्न विचारला की आम्ही मनात दहा आकडे मोजतो, त्याची वाट बघतो. तुम्ही तिसऱ्यालाच बोलून टाकता, ताई.”

“त्याला जमत नाही म्हणून! विचारा त्यालाच. काय रे, ताई हवी ना वर्गात? हो, हवीच म्हणतोय तो...”

धाकट्याने मनगट दातांखाली धरलं. वीस वर्षांचा आडदांड जीव तो! बाईंनी ताईचा हात दाबला. त्या मनात मोजत होत्या... आठ... नऊ...

“नको,” तो म्हणाला. “ताई बाहेर.”

आणि मनगट आपसूक सुटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती फाटकापाशीच थांबू लागली. आत जाताना मेला मागे वळूनसुद्धा बघत नसे! वहीची पानं कोरी राहू लागली. बाई कौतुकाने दाखवत, ही “बरं झालं हो” म्हणे आणि घरी येऊन नळ सोडून रडे. खरोखरच बरं झालं होतं, तेच तर सोसवत नव्हतं!

एका संध्याकाळी तो स्वतः बांधलेल्या वेड्यावाकड्या नाड्यांनिशी तिच्यासमोर येऊन बसला, आणि वर्गात शिकवतात तसं एकेक शब्द जुळवत म्हणाला, “ताई, तुला काय हवं?”

बारा वर्षांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. तिने तोंड उघडलं... शब्दच सापडेना! तो मध्ये बोलला नाही, बोटांवर मोजत राहिला. दहावं बोट मिटलं तरी ताई नुसती रडत होती.

“पुन्हा मोजू?” त्याने विचारलं.