पॉलिदोरच्या नावाची पेटी

"यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही," म्हातारा अन्सेल्म शेगडीकडे पाय पसरत म्हणाला, "पण खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी!"

गुत्त्यातले सगळे हसले. ती जीभ आजवर कितीदा झडायला हवी होती!

पण ही गोष्ट त्यांच्याच गावची. रिशेल्यू नदीकाठची. इंग्रजांविरुद्धचं बंड फसलं, त्या हिवाळ्यातली.

अन्सेल्मचा मेहुणा मेदार हातात बंदूक असताना मेला.

"बंडखोराला पवित्र मातीत जागा नाही," पाद्रीने बजावलं.

जमीन दगडासारखी गोठलेली. मेदारची शवपेटी त्याची बायको फिलोमेनच्या गोठ्यात, गवताखाली पडून राहिली.

गावातले बाकीचे मयत मात्र चर्चच्या मयतघरात वसंताची वाट बघत होते. त्यांतच पॉलिदोर... नदीवरचा बर्फ फुटून बुडालेला. ज्याने मेदारचं नाव इंग्रज शिपायांना सांगितलं, तोच हा फितूर.

"अन्सेल्म, चर्चची घंटा तू वाजवतोस. किल्ली तुझ्याकडेच," बहीण फिलोमेन म्हणाली. "गायरानात नको रे पुरायला. स्वर्गाला मुकेल तो."

"ताई, पाद्री मलाच पुरेल!"

तरी एका संध्याकाळी दोघांनी मेदारची आणि पॉलिदोरची पेटी बदलली.

सकाळी मयतघरापर्यंत बर्फात दोघांची पावलं होती...

आणि शेजारी तिसऱ्याची. अनवाणी.

ती पावलं परतलेली नव्हती.

वसंतात माती सैल झाली. खांदेकरी कबरीपाशी थांबले. पाद्रीने पाणी शिंपडलं.

"पॉलिदोर गादबुआ, तुझ्या आत्म्याला..."

ठक्.

पेटीतून.

फिलोमेन पांढरीफटक पडली. पवित्र माती मिळत होती खरी, पण फितुराच्या नावाने! क्रुसावरही तेच नाव लागणार.

पेटी खाली सोडताना पाद्रीने पुन्हा नाव घेतलं.

ठक्... ठक्... ठक्.

"तो पॉलिदोर नाही!" फिलोमेन किंचाळली. "माझा मेदार आहे! द्या इकडे. गायरानातच पुरते. निदान स्वतःच्या नावाने तरी झोपेल!"

गुत्त्यात कुणी पेला उचलेना.

तेवढ्यात लोहार झेफिरँ उसळला. "थापाड्या! मागेच उभा होतो मी. पेटीला खांदा कोणी दिला होता? तूच की! बोटांनी ठोकलंस आणि आम्हाला भुताची भीती घालतोस?"

अन्सेल्मने मान खाली घातली.

"पहिल्यांदा मीच ठोकलं," तो पुटपुटला. "त्या हरामखोराचं नाव ऐकवेना."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

"पण नंतर पेटी खड्ड्यात होती, झेफिरँ... आणि माझ्या दोन्ही हातांत दोर होता."